कुंडीचं वजन

पीस लिली हे झाड मोठं नाटकी आहे. पाणी चुकलं की सगळी पानं कुंडीच्या काठावर अशी टाकून देतं, की बघणाऱ्याला वाटावं, संपलं. पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा ताठ. हॉटेलवाल्यांचे घाबरे फोन मला याच झाडासाठी सगळ्यात जास्त आले. "ताई, लॉबीतलं झाड गेलं," असं म्हणायचे. मी जाऊन बघावं तर ते नुसतं रुसलेलं असायचं.

कुसगावात रस्त्याकडेला आमची नर्सरी आहे. लग्नाआधी मी तळेगावकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या दांड्या निवडायचं काम करायची. फुलं तोडून खोक्यात भरायची आणि खोकी गाडीत चढवायची, एवढाच झाडांशी संबंध. लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, मोगरा, जास्वंद आणि आंब्याची कलमं ठेवली होती. पुढं लोणावळ्यात हॉटेलं वाढली, बंगले वाढले आणि माणसं घराच्या आत जगणारी झाडं मागायला लागली. ती झाडं मी शिकून घेतली. शिकले म्हणजे बरीचशी मारली आणि उरलेल्यांकडून शिकले. आता मुलगा नर्सरी बघतो. मी खुर्चीवर बसते आणि आजारी झाडं माझ्यापुढं आणली जातात. मुलगा गिऱ्हाइकांना सांगतो की आई दवाखान्यात बसलीय.

या धंद्यातली खरी गोम एकाच गोष्टीत आहे, ती सांगते. तहानलेली पीस लिली मान टाकते आणि पाण्यात बुडालेलीही मान टाकते. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी पिता येत नाही, म्हणून वरती पानं लोळतात. माणूस ती लोळलेली पानं बघतो, त्याला दया येते आणि तो आणखी पाणी घालतो. आमच्या मावळात तर पावसाळाभर धुकं खिडकीतून घरात येऊन बसतं, कपडे वाळत नाहीत, तिथं कुंडी कुठली वाळायला? माझ्याकडं आलेली बहुतेक झाडं तहानेनं आजारी नव्हती, प्रेमानं आजारी होती.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक बंगलेवाले फक्त शनिवार-रविवारी यायचे आणि आठवड्याचं पाणी एकदम ओतून जायचे. एका हॉटेलात लॉबीतल्या कुंड्यांना मुंग्या लागल्या. मॅनेजर माझ्याकडं औषध मागत होते. मी तासभर तिथं बसून राहिले तेव्हा दिसलं की पाहुणे उरलेलं कोल्ड्रिंक कुंडीत रिकामं करून बाटली टेबलावर ठेवतायत. औषधाऐवजी मी कुंड्या सोफ्यापासून लांब सरकवल्या आणि मुंग्या गेल्या. पण मला सांगायचं आहे ते देहूरोडच्या आबांबद्दल.

एका रविवारी दुपारी रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. अंगात पांढरा शर्ट, हातात घडीची काठी, डोळ्यांना काळा चष्मा. दुसऱ्या हातानं त्यांनी छातीशी कुंडी धरली होती. बरोबर तिशी-पस्तिशीची बाई होती, ती त्यांचं कोपर धरून चालत होती. ती त्यांची सून, वैशाली. आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि सुट्टीचा दिवस साधून त्यांना लोकलनं घेऊन आली होती.

आबांची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत गेली. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर गेली. उजेड आणि सावली तेवढी कळायची. कुंडीत पीस लिली होती, वैशालीनंच कधीतरी हौसेनं आणलेली. अर्धी पानं पिवळी, बाकीची लोळलेली. घरात लिली आबांच्या ताब्यात होती, कारण दिवसभर घरी आबा असायचे आणि ती असायची.

वैशाली मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागली. झाड जाणार हे दिसतंय, तिचा नवरा तर टाकून द्या म्हणतोय, पण आबा ऐकत नाहीत. तुम्ही एक दुसरं झाड द्या, तसंच दिसणारं. त्यांना काही कळणार नाही.

आबांचे कान तिखट होते. ते म्हणाले, "मला दुसरं नको. ताई, झाड मरायचं आसंल तर मरू द्या. पण ते माझ्या हातनं मेलं का, तेवढं खरं सांगा."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, पाणी कसं घालता. ते म्हणाले, रोज सकाळी एक तांब्या. डोळ्याला माती दिसत नाही, तेव्हा विसरायला नको म्हणून नेम धरला होता. मी कुंडीत बोट घातलं. चिखल होता आणि त्याला साचलेल्या पाण्याचा वास मारत होता.

गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून धंद्यात मी बऱ्याचदा सौम्य बोलत आले आहे. पण या माणसानं प्रश्न असा विचारला होता की मला आडवळणानं बोलता येईना. मी म्हटलं, "व्हय आबा. पाणी जास्त झालं. मुळं कुजलीत."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट जरा सुटल्यासारखा झाला. म्हणाले, "मंग माझ्याच हातनं नीट करू द्या."

नंतर आबांनीच मला सांगितलं की नजर गेल्यापासून घरच्यांनी मायेनं एकेक गोष्ट त्यांच्या हातून काढून घेतली होती. आधी गॅस, मग इस्त्री, मग सकाळचं दूध आणणं, मग एकट्यानं बाहेर पडणं. झाड तेवढं राहिलं होतं, कारण ते काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी टेबलावर पेपर पसरला, कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं आणि बादलीतल्या पाण्यात मुळं धुतली. मग तो सगळा जुडगा आबांच्या हातात दिला. कुजलेलं मूळ ओळखायला डोळे लागत नाहीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. जिवंत मूळ टणक असतं, मोड आलेल्या मटकीसारखं. मी त्यांच्या बोटात एक हे आणि एक ते दिलं. त्यांनी दोन्ही चाचपली आणि म्हणाले, समजलं.

कात्री द्यायला मात्र माझा हात अडला. आबांनी हात पुढं करूनच ठेवला होता. मी कात्री स्पिरिटनं पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत एकेक मूळ धरलं, बोटांच्या पुढं मापानं जागा सोडली आणि कापत गेले. घाई नाही, चुळबूळ नाही. मी आजवर पुष्कळ हात या कामाला लागलेले पाहिले आहेत. डोळस माणसं घाण वाटते म्हणून सरसकट छाटून टाकतात आणि चांगली मुळंही जातात. आबांनी एकही टणक मूळ कापलं नाही. शेवटी मूठभर मुळं आणि वर जेमतेम चार पानं उरली. ते बघून वैशालीला रडू यायचं बाकी होतं. आबा मात्र ती मूठ हातात तोलत म्हणाले, "एवढं जित्तं हाये म्हणजे लय झालं."

आम्ही ते छोट्या कुंडीत लावलं. आजारी झाडाला मोठी कुंडी देऊ नये, ओली माती जास्त आणि पिणारी मुळं कमी, असं होतं. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाड वाळू मिसळली, म्हणजे पाणी निथळून जावं. खत घातलं नाही. तापातून उठलेल्या माणसाला कोणी बासुंदी वाढत नाही. जागा खिडकीजवळची सांगितली, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशी.

राहिला पाण्याचा प्रश्न. इतरांना मी माती बघून पाणी घाला म्हणते. आबांच्या एका हातात मी कोरडी कुंडी दिली आणि दुसऱ्या हातात ओली. ते हसले. डेपोत पॅकिंगच्या विभागात होते ते. खोकं उचललं की आत माल कमी भरलाय का पुरा, हे त्यांच्या हाताला कळायचं. मी सांगितलं, रोज कुंडी उचला. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर तशीच खाली ठेवा. पाणी घालायचा नेम मोडा, उचलायचा नेम धरा.

त्यानंतर त्यांचे फोन यायचे. बोलणं थोडकं. एक पान गेलं, तीन राहिली. तीन तशीच आहेत. मग एके दिवशी म्हणाले, मधोमध काहीतरी टोकदार लागतंय, सुईसारखं. मी म्हटलं, नवं पान आहे, गुंडाळलेलं असतं, हळूहळू उलगडेल, ओढू नका. ते म्हणाले, ओढतोय कशाला, नुसतं रोज हात लावून बघतो, किती आलंय ते.

झाडानं चांगला जीव धरला होता. आणि मग वैशाली एकटीच माझ्याकडं आली. फोनमधले फोटो दाखवत होती. दोन नवी पानं होती, पण एका जुन्या पानाची कड पुन्हा पिवळी पडायला लागली होती. मी म्हटलं, पाणी जास्त होतंय. ती खाली बघायला लागली.

ती म्हणाली, "मावशी, पाणी मी घालते. आबांना माहीत नाही."

झालं होतं असं की एका सकाळी तिला वरची माती कोरडी दिसली. आबा विसरले असं तिला वाटलं. झाड पुन्हा वाळलं तर ते मनाला लावून घेतील, या धास्तीनं तिनं गुपचूप पाणी घातलं. मग रोजच घालायला लागली, कंपनीची बस यायच्या आधी, घर जागं व्हायच्या आधी. मी तिला नर्सरीतल्याच एका कुंडीत खोलवर बोट घालून दाखवलं. वर कोरडं असतं तेव्हा खाली ओल असते. आबांचा हात बरोबर सांगत असतो. तिला ते पटलं. उद्यापासून हात लावणार नाही म्हणाली, आणि आबांना यातलं काही कळू देऊ नका, अशी गळ घातली. दोघांच्या मधलं बोलणं इकडून तिकडं न्यायची मला सवय नाही. मी गप्प बसले.

पुढं काही दिवसांनी दोघंही आले, रविवारीच. पीस लिलीची सगळी पानं कुंडीच्या चारी बाजूंना ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. एकही उभं नव्हतं. आबांच्या तोंडावर रंग नव्हता. मी कुंडी उचलली. रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली. माती कुंडीची कड सोडून आत आवळली होती. तहान होती, नुसती तहान.

मी विचारलं, पाणी कोण घालतंय?

"आबा घालतात," वैशाली म्हणाली.

"मी कुटं? वैशाली घालती," आबा म्हणाले.

मग वैशालीनं सगळं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं, म्हणाली. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं होतं."

आबा सांगायला लागले, जसं काही फार साधी गोष्ट आहे. कुंडी उचलली की ती आधीच जड असायची. आदल्या दिवशी हलकी होत आलेली कुंडी रात्रीत जड होत नसते. म्हणजे कोणाचा तरी हात लागतोय. पहाटे स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज यायचा, मग पावलं खिडकीपाशी जायची. "पोरगी डबा करून, घाईत बस गाठायच्या आधी माझ्या झाडाला पाणी घालतीया. तिला काय बोलू? म्या पाणी घालायचं बंद केलं. दोघांचं पाणी झालं असतं तर ते परत कुजलं असतं."

म्हणजे ते रोज कुंडी उचलायचे, जड आहे हे बघायचे आणि खाली ठेवायचे. पुढं कुंडी हलकी लागायला लागली. त्यांना वाटलं, तिला आज उशीर झाला असेल, उद्या घालेल. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. आपण घालावं तर तिला कळेल की आपल्याला कळलंय. इकडं ती रोज मन घट्ट करून कुंडीकडं पाठ फिरवून बस गाठत होती. एकमेकांना सांभाळण्याच्या नादात दोघांनी मिळून झाड उपाशी ठेवलं होतं.

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी टबात पाणी घेतलं आणि कुंडी त्यात ठेवली. इतकी आवळलेली माती वरून पाणी घेत नाही, ते कडेनं निसटून जातं. खालच्या भोकांतून सावकाश पिऊ द्यावं लागतं. आबांनी विचारलं, उठंल का? मी म्हटलं, मुळं टणक आहेत, उठेल, पण तासभर तरी लागेल, कदाचित जास्त. चहा घ्या.

चहा झाल्यावर आबा टबापाशी स्टुलावर जाऊन बसले. त्यांनी एका लोंबत्या पानावर हात फिरवला आणि मग त्याच्या वर, वीतभर अंतरावर, तळहात आडवा धरला. हात दुखला की खाली घ्यायचे, पुन्हा तिथंच धरायचे. मी गिऱ्हाइकं बघत होते. वैशाली शेजारी उकिडवी बसून होती. दोघं हळू आवाजात बोलत होती. शब्द मला ऐकू आले नाहीत आणि मी कान दिला नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा आबांनी मला हाक मारली. गेले तर पानाचं टोक त्यांच्या तळहाताला टेकलं होतं.

"लागलं," एवढंच म्हणाले. हात काढला नाही.

जाताना कुंडी आबांनीच उचलली. दोघांचं ठरलं होतं. पाणी आबांचं. तिला शंका आली तर तिनं विचारायचं, मागून काही करायचं नाही. आणि आबांना काही कळलं तर त्यांनी बोलायचं, गप्प राहून सांभाळून घ्यायचं नाही. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायचं काम वैशालीकडं. तेवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या महिन्यात आबा फोनवर म्हणाले, सकाळचा चहा आता मी करतो. गॅसच्या बटणाला वैशालीनं खूण करून दिलीय, हाताला लागंल अशी. त्यांच्या मुलानं आधी कुरकुर केली, आता तोही तोच चहा पिऊन कामाला जातो.

मग एक दिवस आबा एकटेच आले. देहूरोडला लोकलमध्ये बसले, लोणावळ्याला उतरले, रिक्षावाल्याला नर्सरीचं नाव सांगितलं. झाड आणलं नव्हतं. म्हटलं, आज काय काम काढलं? म्हणाले, काम न्हाई, सांगायला आलो. लिलीला फूल आलंय.

ते मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात वैशालीचा फोटो आला होता, पांढरंशुभ्र फूल, खाली दहा-बारा पानांचा घेर. सकाळी तिलाच पहिल्यांदा दिसलं, ओरडतच सगळ्यांना उठवलं, असं तिनं लिहिलं होतं. मी आबांना म्हटलं, कळलं मला, वैशालीनं पहिलं बघितलं ना.

आबा गालात हसले. म्हणाले, "ताई, मला त्याच्या आधी आठवडाभर ठावं होतं. नवं पान येतं ते सुईसारखं लागतं. ह्यो दांडा जाड लागला, वर फुगीर. म्या वळखलं, हे पान न्हवं. रोज बघत हुतो."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? आता तर गप्प राहायचं नाही असं ठरलंय ना तुमचं?

"ते सांभाळायच्या गोष्टींचं," आबा म्हणाले. "ही आनंदाची. पोरगी दर सुट्टीला पानं पुसतीया. तिला आधी गावू दे म्हनलं."

मी त्यांना विचारलं, तिनं ओरडून उठवलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

ते म्हणाले, "काय करनार? म्हनलं, कुटंय, दाव बघू. तिनं माझा हात धरला आन् फुलावर नेऊन ठेवला."